नवऱ्याने आधीच घेतलेलं इंजेक्शन

“हे अपेंडिक्स नाही, गनोरिया आहे,” कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कॅज्युअल्टी म्हणजे सरकारी दवाखान्याचा तातडीचा विभाग. गनोरिया म्हणजे आपल्याकडचा परमा, संबंधातून लागणारा रोग. मला वाटलं, बाईंनी दुसऱ्याच कुणाचा कागद उचलला.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, नागपुरात जरीपटक्याला राहत होतो. महिनाभर ओटीपोट दुखत होतं, लघवीला आग होत होती. सासूबाई म्हणाल्या, ऊन बाधलं, आणि रोज सबजाचं पाणी पाजू लागल्या. तिथला मे महिना, मलाही पटलं. शेवटी ताप चढून मोरीत पडले, तेव्हा त्यांनीच रिक्षा आणली.

बाईंनी पडद्यामागे कापसाच्या काडीने स्राव घेतला. तो काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्याला स्मिअर म्हणतात. फारसं दुखत नाही, लाज तेवढी वाटते. बायांनो, तेवढी वाटू द्या, पण दवाखान्यात जा.

नवऱ्यालाही इंजेक्शन द्यावं लागेल, म्हणून बाईंनी त्याला आत बोलावलं. त्याची फिरतीची नोकरी होती. मान खाली घालून तो म्हणाला, “मी तं घेतलं जी, दोन महिन्यांआधी. सीताबर्डीच्या एका डाक्टरकडं.”

म्हणजे मी सबजा पीत होते, तेव्हा हा गडी बरा होऊन समोर जेवत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मंग मले काहून नाही सांगितलं?”

रोग माझ्याकडून उलट लागला असेल, म्हणून बाईंनी त्याला पुन्हा इंजेक्शन घ्यायला लावलं. दोघांनाही आधी टेस्ट डोस दिला, म्हणजे पेनिसिलिन सोसतं का ते बघायला कातडीत थोडंसं टोचलं.

मी दहा दिवस भरती होते. गर्भनलिका सुजल्यात, मूल होणं अवघड आहे, हे बाईंनी आधी मला सांगितलं, सासरच्यांना नाही. तेव्हा अशी रीत नव्हती. त्यांचे उपकार मी विसरले नाही.

मूल झालं नाही. चार वर्षांनी सासूबाईंनी लेकासाठी दुसरी मुलगी बघायला घेतली. मी भाकरी थापत होते. बाहेरून त्याचा आवाज आला, “तिच्यात खोट नाही, माय. रोग म्या आणला होता.”

दवाखान्यात दहा दिवसांत मी एकदाही रडले नव्हते. त्या दिवशी तव्यावरची भाकरी करपेपर्यंत रडले.