प्यो मालकांनी न केलेले काम

कोरियातल्या बुप्योंगच्या भुयारी बाजारात बटणांचे दुकान आणि मोज्यांचे दुकान यांच्यामध्ये कपाटाएवढी एक जागा आहे. तिथे प्यो दोंग-ग्यु बसतात. पाटीवर मोबाइल दुरुस्ती असे लिहिले आहे, पण फुटलेल्या काचा बदलण्यात त्यांचे मन रमत नाही. शिंपी विजार आखूड करून देतो तसा चालू फोन माणसाच्या मापाचा करून देणे, हे त्यांचे आवडते काम.

आमच्या ज्येष्ठांच्या मंडळातले बहुतेक फोन त्यांच्या हातून गेलेले आहेत. मासळी विकणाऱ्या एका बाईंची बोटे कायम ओली, त्यामुळे त्यांना फोन उचलता येईना. मालकांनी सेटिंगमध्ये शोधून आवाजाच्या बटणावर फोन उचलण्याची सोय केली. माझ्या फोनवर चाळीस चित्रे होती. ती सगळी झाकून त्यांनी ठसठशीत अक्षरांत चार नावे ठेवली. मंडळाचा भंगारात निघालेला संगणक झाडून-पुसून त्यात हलकी प्रणाली घातली आणि आता त्यावर आमचे डाव रंगतात. एकदा मात्र चुकले. डोळे अधू झालेल्या एका गृहस्थांना निरोप मोठ्याने वाचून दाखवणारा फोन करून दिला, आणि सुनेचा निरोप भर बसमध्ये वाचला गेला, की बाबा, मूळव्याधीचे मलम घरीच विसरलात. दुसऱ्या दिवशी मालकांनी त्यांच्यापुढे किती वेळा वाकून माफी मागितली ते मी मोजले नाही. तेव्हापासून कानात इअरफोनची बोंडे असली तरच तो फोन बोलतो.

मला जे सांगायचे आहे ते यंदाचे. मार्चमध्ये माझी पत्नी ओक-बुन ओल्या फरशीवर घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. पुढे व्यायामासाठी तिला दुसऱ्या रुग्णालयात ठेवले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की मे संपायच्या आत त्या पायावर उभ्या राहिल्या नाहीत तर मग अवघड आहे. ओक-बुन भिंतीकडे तोंड करून पडायची. व्यायामाच्या बाई आल्या की म्हणायची, उद्या.

त्याच दिवसांत आमच्या बाराव्या मजल्यावरच्या गॅलरीबाहेर, तिने कांद्याची पात लावली होती त्या कुंडीत छोट्या ससाण्याच्या मादीने चार अंडी घातली. मी एक फोटो काढून तिला दाखवला. ती बऱ्याच दिवसांनी कुशीवर वळली.

"माझ्या पातीत?" असे म्हणून तिने फोन हातात घेतला.

पण आमच्याकडे फोटो काढताना फोनचा खटका वाजतोच. बाकी सगळे आवाज बंद केले तरी हा बंद होत नाही. कोणी चोरून बायकांचे फोटो काढू नयेत म्हणून तो ठेवलेला आहे. दुसरा फोटो काढताना मादी दचकून उडाली ती अर्धा तास आली नाही. अंडी उघडी पडली होती आणि मी पडद्यामागे फोन धरून उभा होतो. पुन्हा फोटो काढायचा मला धीर झाला नाही. ओक-बुन मात्र रोज विचारी, आणि मी काही नेले नाही की पुन्हा भिंतीकडे वळे.

सोमवारी मी मालकांकडे गेलो. मला लांबण लावून बोलता येत नाही. कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येतो का, एवढेच विचारले.

"येतो," मालक म्हणाले. "संगणकाला जोडून एक ओळ टाइप करायची, झालं. पण ते काम मी करत नाही, बाबा. कोणाचंच नाही."

बटणांच्या दुकानातल्या, मा आडनावाच्या बाईंचे कान तिखट. त्या तिकडूनच म्हणाल्या, "या वयात बिनआवाजाचा कॅमेरा कशाला हवा हो, बाबा? आम्ही जरा सांभाळून बसायचं का?"

मोज्यांच्या दुकानातली गिऱ्हाइके वळून पाहू लागली. कुंडी, अंडी, ओक-बुन, हे सगळे सांगायला हवे होते. मी वाकून नमस्कार केला आणि जिन्याकडे चालू लागलो. टोपी तिथेच राहिली. आता त्या बाजारात पाऊल टाकायचे नाही असे रस्ताभर ठरवत होतो.

दुसरा दिवस बाजार बंद असण्याचा मंगळवार. सकाळी दारात मालक उभे होते, हातात माझी टोपी. वायफायचा डबा लावायला ते पूर्वी एकदा घरी येऊन गेले होते. भर दिवसा गॅलरीचा पडदा ओढलेला पाहून त्यांनी कारण विचारले. मी फटीतून दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले.

"हे काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नाही म्हणालात ना."

मग त्यांनी सांगितले. आठ वर्षांपूर्वी एक सभ्य विद्यार्थी आला होता. झोपलेल्या मांजराचे फोटो काढायचे म्हणाला. त्यांनी आवाज बंद करून दिला. तीन महिन्यांनी पोलीस विचारत आले. तो पोरगा सरकत्या जिन्यावर उभ्या बायकांचे फोटो काढत होता. त्यातली एक शेजारच्याच मोज्यांच्या दुकानात कामाला होती. ती नोकरी सोडून गेली.

"तुमचं खरं आहे, दिसतंच आहे," मालक म्हणाले. "पण त्या मांजराचंही मला खरंच वाटलं होतं."

मी म्हणालो, बरोबर आहे. मनापासून म्हणालो. जवाच्या चहाचा पेला त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी चहा संपवला. मग घरात एखादा जुना फोन पडून आहे का, असे विचारले. कोपरा तडकलेला एक होता. त्यांनी तो पार कोरा केला आणि एकच प्रोग्राम ठेवला. ओक-बुनच्या फोनवरून हाक आली की हा घंटी न वाजवता आपोआप उचलायचा आणि समोर जे असेल ते तिला दाखवायचे. फोनचा पडदा काळा, आवाज बंद. फोन काचेला आतून चिकटवून ते म्हणाले, "फोटो काढला तर खटका वाजतो, बाबा. नुसतं बघितलं तर नाही वाजत."

दुपारी ते माझ्याबरोबर रुग्णालयात आले. ओक-बुनच्या फोनवर अंड्याचे चित्र असलेले एकच मोठे बटण केले. तेवढ्यात व्यायामाच्या बाई आल्या आणि ओक-बुन म्हणाली, उद्या. मालक त्या बाईंबरोबर बाहेर गेले, फोन हातात धरून व्हरांड्यातून दोन फेऱ्या मारल्या आणि परत आले.

"आई, पलंगापाशी वायफाय पोचत नाही. पलीकडे टोकाला, पाण्याच्या मशीनजवळ मस्त दिसतं."

"एवढा लांबून आलास आणि अर्धंच काम केलंस?" ओक-बुन म्हणाली. मालकांनी मान खाली घातली.

तिने चाकाची खुर्ची मागितली. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, सगळ्या खुर्च्या अडकल्या आहेत, वॉकर आहे. पहिल्या दिवशी ती पलंगावरून उठून उभी राहिली आणि मला, मालकांना व खुर्च्यांना बोलली. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत गेली. सहाव्या दिवशी दुपारी घरी माझा फोन वाजला.

"अहो, तीन बाहेर आलेत. चौथ्याचं नुसतं डोकं दिसतंय." तिला धाप लागली होती, मागे पाण्याच्या मशीनची घरघर ऐकू येत होती. "आणि तुमची बनियन उलटी वाळतेय."

मी पडद्याआड उभा होतो.

पुढे ती दिवसातून चार वेळा मशीनपर्यंत जाऊ लागली. जूनच्या पहिल्या आठवड्यात काठी टेकत घरी आली, तेव्हा चारही पिले कठड्यावर बसून पंख झाडत होती.

मी रसाच्या बाटल्यांचे खोके घेऊन मालकांकडे गेलो. त्यांनी दोन्ही हातांनी घेतले आणि हळूच म्हणाले, "बाबा, एक कबूल करायचंय. पलंगापाशीही दिसलं असतं. त्या एका प्रोग्रामपुरता आईंचा मोबाइल डेटा मी बंद ठेवला होता. व्यायामाच्या बाईंना विचारूनच. आता चालू करून देऊ का?"

घरी येऊन ओक-बुनला सांगितले. ती म्हणाली, "जेवायला बोलवा त्याला. समोर बसवून चार शब्द ऐकवायचेत मला."

पुढच्या बंद मंगळवारी ते आले. ओक-बुनने काठी भिंतीला टेकवून उभ्याने शेजारच्या कुंडीतल्या पातीची धिरडी घातली. ऐकवायचे शब्द बहुधा विसरली, कारण ती नुसती वाढतच होती. मी दोघांचा एक फोटो काढला. खटका चांगला मोठ्याने वाजला.