न पाहिलेल्या बाईची ओळख

विघ्नहर्त्या गजाननास वंदन करून, नात मैथिलीला आज वकिलीची सनद मिळाली त्या निमित्ताने हे लिहितो. तिने नवे शिक्के आणि शाईची गादी देव्हाऱ्यापुढे ठेवली, आणि त्या जांभळ्या शाईच्या वासाने मला एक जुना दिवस आठवला.

वकिलांच्या शिस्तपालन समितीपुढे माझी चौकशी झाली, त्या खोलीत तोच वास होता. नाशिकच्या न्यायालयात तेव्हा आम्ही वकील एकमेकांच्या पक्षकारांची ओळख न पाहताच पटवत असू. एका मित्राने प्रतिज्ञापत्र पुढे सरकवले आणि चहा पिता पिता मी ‘या बाईंना मी ओळखतो’ या ओळीखाली सही केली. त्यावरचा अंगठ्याचा ठसा तोतया बाईचा होता. त्या कागदाच्या जोरावर, जिचे नाव त्यात होते त्या कळवणच्या वृद्धेची जमीन जाणार होती. तिने माझ्याविरुद्ध तक्रार केली.

“वकीलसाहेब, या बाईंना ओळखता?” समितीच्या अध्यक्षांनी तिच्याकडे बोट करून विचारले.

नाही म्हणावे तर सनद जाणार होती.

“नाही. आज प्रथमच पाहतो.”

ती वृद्धा हळूच म्हणाली, “मंग तवा कसं वळखलं, दादा?”

माझ्या कबुलीने तिची जमीन वाचली आणि मी ताकिदीवर सुटलो. तेव्हा मला सनद जाण्याचे भय होते. आज भय वाटते ते त्या चहाचे, तो मला किती गोड लागला होता याचे.

“माणूस समोर बसल्याशिवाय सही करू नकोस,” मी मैथिलीला म्हणालो.

“आजोबा, कोर्टात सह्यांसाठी रांग असते हो.”

“असू दे.”

वाचकहो, आपल्या घरादारावर ईश्वराची कृपाछाया राहो, आणि आपल्याला न पाहता आपली ओळख कोणी न देवो.