रकान्यात मी माझंच नाव लिहिलं होतं

जुन्या जीपगाड्यांच्या जाहिराती आणि माहितीपत्रकं मी गोळा करते, असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "मिस्टरांना आवड आहे का?" कित्येक वर्षं हे ऐकत आलेय. आधी हसून सोडून द्यायचे. आता हसत नाही. का हसत नाही, ते एकदा नीट सांगते.

मी वाळूजच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात होते. तिथं गाड्यांचे सुटे भाग बनायचे. मी लागले तेव्हा बोर्डावर कागद ताणून शाईच्या पेनानं ड्रॉइंग काढावी लागत. एक रेघ थरथरली की ब्लेडनं खरवडायचं आणि पुन्हा काढायचं. पुढं कॉम्प्युटर आले, बोर्ड गोदामात गेले आणि माझ्या हाताला काही कामच उरलं नाही, दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासायची एवढंच. त्याच सुमारास छावणीच्या आठवडी बाजारात मी एक चिनी मातीची बरणी घेतली. दुकानदारानं ती कसल्याशा छापील कागदात गुंडाळून दिली. घरी येऊन कागद उलगडला तर आत जीपचं चित्र होतं. वरचा पत्रा काचेचा असावा तसं आतलं सगळं दिसत होतं: इंजिन, दांडे, चाकांमधले गिअर, एकेक बोल्ट. कुणीतरी ते हातानं काढलेलं होतं. असं एक चित्र काढायला किती दिवस मान मोडावी लागते, ते मला ठाऊक होतं. मी बराच वेळ तो कागद मांडीवर घेऊन बसले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा बाजारात गेले आणि त्याला बाकीची पानं मागितली. त्यानं पोत्यातून तळाचा ढीग उपसून दिला. म्हणाला, "लेके जाव बाई. कागद देखको खूश होनेवाली तुमीच पहली."

तिथून लागलेला नाद सुटला नाही. जुन्या दिवाळी अंकांच्या मलपृष्ठावरच्या जाहिराती, जालन्याच्या एका बंद पडलेल्या दुकानातली पत्र्याची पाटी, सर्व्हिसिंगच्या कुपनांची वही, चिखलातून उसळी मारणाऱ्या गाडीचं कॅलेंडर. सगळं बटर पेपरमध्ये घालून, फाईलला लेबल लावून मी लोखंडी कपाटात ठेवत गेले. त्या जाहिरातींत शेतकरी असतो, इंजिनिअर असतो, शिकारी असतो, फेटेवाला पाटील असतो. बाई असली तर मागच्या बाकावर, नाहीतर बांधावर पाण्याचा तांब्या घेऊन उभी. स्टेअरिंगवर बसलेली बाई मला आजवर एकाही कागदावर सापडलेली नाही. याचं तेव्हा विशेष काही वाटत नव्हतं.

माझे मिस्टर एका कॉलेजच्या ऑफिसात होते. माणूस शांत, निर्व्यसनी. माझ्या कपाटाला ते "तुझं भंगार" म्हणायचे. इतक्या वर्षांत त्यांनी एक फाईल उघडून पाहिली नाही. दिवाळीच्या साफसफाईत मात्र दरवर्षी विचारायचे, यातलं थोडं कमी करता येईल का.

या संग्रहातली मला सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे देवगाव रंगारीहून आणलेलं एक पुस्तक. आमच्या कारखान्यातल्या एका शिपायाच्या गावचे एक गृहस्थ सरकारी दवाखान्याच्या जीपवर ड्रायव्हर होते. ते वारले होते, पण गाडीबरोबर मिळालेलं चालकाचं पुस्तक त्यांच्या घरी आहे, असं शिपाई म्हणाला. मी एसटीनं गेले. एकदा नाही, तीनदा. पहिल्या खेपेला त्यांच्या बायकोनं चहा दिला, पुस्तक दाखवलं नाही. दुसऱ्या खेपेला दाखवलं. पानापानांच्या कडेला पेन्सिलीनं बारीक नोंदी होत्या: कुठल्या ओढ्यात किती पाणी असलं तर कुठला गिअर टाकायचा, घाटात कुठं इंजिन तापतं, लसीची पेटी कुठं ठेवली म्हणजे हादरत नाही. कव्हरवर निळ्या शाईत त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं, वळणदार, मास्तरासारखं.

तिसऱ्या खेपेला त्या मावशींनी ते पुस्तक माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "माझ्या पोरांना त्याचं काय नाय. तुम्ही नेता तर न्या. पर त्यांचं नाव ऱ्हाऊ द्या त्याच्यावर." मी शब्द दिला.

दोन वर्षांपूर्वी शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. भरवणारे एक गाड्यांचे व्यापारी आणि त्यांची मित्रमंडळी. त्यांना माझ्याबद्दल कुणीतरी सांगितलं आणि ते व्यापारी घरी आले. मी फाईली काढून समोर मांडल्या. कुठलं पत्रक कुठल्या मॉडेलचं, छपाई कशी ओळखायची, हे सांगत होते. ते मान डोलवत होते आणि प्रश्न मात्र मिस्टरांना विचारत होते. "सर, हे कुठून मिळवलंत?" मिस्टर माझ्याकडे पाहायचे, मी उत्तर द्यायचे, आणि पुढचा प्रश्न पुन्हा त्यांनाच. जाताना त्यांनी एक फॉर्म दिला. संग्राहकाच्या रकान्यात मी माझ्या हातानं, मोठ्या अक्षरात माझं नाव लिहिलं. ड्रॉइंगवर शीर्षक लिहायचे तसं, एकसारख्या उंचीचं.

प्रदर्शन रविवारी सकाळी होतं. मला पोचायला थोडा उशीर झाला, कारण सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं होतं. मिस्टर फाईली घेऊन पुढं गेले होते. मैदानावर जीपगाड्या ओळीनं उभ्या होत्या, बॉनेटवर झेंडूचे हार. मी शोधत शोधत माझ्या टेबलाशी गेले. टेबलावर मोठी पाटी होती. तिच्यावर मिस्टरांचं नाव, त्याखाली "यांचा दुर्मीळ संग्रह", आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात "सहकार्य: सौभाग्यवती". माझं नाव त्या पाटीवर कुठंच नव्हतं.

तेवढ्यात माईकवरून मिस्टरांचं नाव पुकारलं गेलं. मी वळून पाहिलं. ते स्टेजवर चढले, त्यांनी मान खाली घातली, कुणीतरी त्यांच्या अंगावर शाल पांघरली, हातात नारळ दिला. निवेदक सांगत होता की सरांनी खेडोपाडी पायपीट करून हे धन जमवलं. लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंनीही वाजवल्या.

मी टेबलाकडे वळले आणि ते चालकाचं पुस्तक शोधलं. प्रत्येक वस्तूवर क्रमांकाचं गोल स्टिकर लावलेलं होतं. पुस्तकावरचं स्टिकर नेमकं ड्रायव्हरच्या नावावर होतं. पूर्ण नावावर, जणू ते झाकायलाच लावलेलं. मी नखानं कडेपासून हळूहळू सोडवायला लागले. जुना कागद, चांगलाच चिकटलेला. स्टिकर निघालं, आणि त्याच्याबरोबर कव्हरचा वरचा पापुद्राही निघाला. निळी शाई स्टिकरच्या मागच्या बाजूला, उलटी. कव्हरवर पांढरा ओरखडा.

तिथं माझा तोल सुटला. ओरडले नाही. मी पिशवीतून माझे बटर पेपर काढले आणि एकेक वस्तू गुंडाळायला लागले. ते व्यापारी धावत आले. प्रदर्शन तर आत्ता सुरू झालंय, पाहुणे यायचेत, असं म्हणू लागले. मी त्यांना विचारलं, "फॉर्मवर मी कुणाचं नाव लिहिलं होतं?"

त्यांनी ते नाकारलं नाही. म्हणाले, "मॅडम, आमच्या लोकांना वाटलं की तुमच्याकडून चुकून लिहिलं गेलं. म्हणून त्यांनी दुरुस्त केलं."

हा "दुरुस्त" शब्द मी विसरू शकत नाही. पाटीवरच्या नावाचं एक वेळ मी सोडूनही दिलं असतं. पण माझ्या हातचं अक्षर समोर असताना, ते वाचून, चूक ठरवून, खोडून त्यांनी दुसरं घातलं. इतकी वर्षं मी लोकांच्या ड्रॉइंगमधल्या चुका तांबड्या पेन्सिलीनं दाखवत आले. मला माझं नाव लिहिता येत नाही, असं यांना वाटलं.

ते पुढं म्हणाले, "घरातलंच नाव आहे ना मॅडम, एकच झालं." मी म्हणाले, "एकच असेल तर माझं लावायचं होतं." त्यावर ते कुणाला तरी फोन लावायला लागले. मी सगळं भरून रिक्षा केली. मिस्टर अजून तिथंच, शाल अंगावर घेऊन कुणाशी तरी बोलत होते.

ते दुपारी घरी आले. मी जेवायला वाढलं नाही. ते स्वतःच वाढून घेऊन बसले. मग म्हणाले, "त्यांनी नाव पुकारलं. मी काय स्टेजवर भांडू?"

"भांडायचं नव्हतं," मी म्हणाले. "'हे माझं नाही' एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द."

ते म्हणाले की लोकांसमोर त्या व्यापाऱ्यांची शोभा झाली असती. मी विचारलं, आणि माझी? ते जेवण अर्धवट ठेवून उठले. चार दिवस आम्ही कामापुरतं बोललो. पाचव्या दिवशी त्यांनी शाल घडी करून पिशवीत घातली आणि व्यापाऱ्यांच्या ऑफिसात परत देऊन आले. मला न सांगता गेले होते. तिथं काय बोलले ते मी विचारलं नाही. माझा राग त्यानं थोडा उतरला. पूर्ण उतरला असं लिहिलं तर खोटं होईल.

देवगावला जाणं मी महिनाभर टाळलं. मग एका सकाळी पुस्तक घेऊन एसटीत बसले. मावशी अंगणात शेंगा निवडत होत्या. मी पुस्तक पुढं केलं आणि झालं ते सगळं सांगितलं, स्टिकरपासून माझ्या नखापर्यंत. काही लपवलं नाही. त्यांनी कव्हरवरच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

मग म्हणाल्या, "तुमचं बी नाव खोडलं का त्यांनी?"

"व्हय," मी म्हणाले.

"लई शाने हायेत." त्यांनी पुस्तक पदराखाली घेतलं. "बाई, तुमच्यावर राग नाय माझा. पर हे आता हितंच ऱ्हाऊ द्या."

मी ते मागितलं नाही. त्यांचं होतं, त्यांच्याकडे गेलं. कन्नड रस्त्यानं परत येताना मला त्या पुस्तकाचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्यापेक्षा संताप जास्त आला. एका ड्रायव्हरनं आयुष्यभर ओढे, घाट, लसीच्या पेट्या सांभाळल्या, आणि त्या नोंदी कुणाच्या हे सांगणारं त्याच्या अक्षरातलं नाव तेवढ्या एकाच जागी होतं. ते कुणीतरी न वाचता झाकलं. आणि ते वाचवायला गेले ती मीच ते घालवून बसले. या शेवटच्या गोष्टीसाठी मी स्वतःलाही माफ केलेलं नाही.

यंदा त्याच मंडळींचं पुन्हा बोलावणं आलं. फोन मिस्टरांच्या नंबरवर. ते म्हणाले, "संग्रह माझा नाही, तिच्याशी बोला," आणि फोन माझ्याकडे दिला. मी त्यांना सांगितलं की माझ्या अटी लेखी पाठवते. पाठवल्या. पाटीवर माझं नाव, माझ्याच हस्ताक्षरात. कुठल्याही कागदाला चिकटवणारं काहीही लावायचं नाही. वस्तू ज्याच्याकडून मिळाली त्याचं नाव शेजारी, ठळक. आणि सत्कार करायचा असेल तर आधी मला विचारायचं.

त्याला उत्तर आलं नाही. प्रदर्शन झालं, असं वर्तमानपत्रात वाचलं. फोटोत सगळे पुरुषच होते, जीपच्या बॉनेटला टेकून उभे. मी तो फोटो कापून फाईलमध्ये लावला, तारीख घातली आणि खाली पेनानं लिहिलं: यात मी नव्हते, कारण मी अटी घातल्या होत्या.