उस्मानभाईंचं डोकं दुखलं

रोह्याच्या बाजारातून उस्मानभाई पांगारकरांबरोबर चालायचं म्हणजे वरातीमागून सायकल हाकायची. ते दर दुकानाशी थांबत. कुणाच्या गुडघ्यांची, कुणाच्या जावयाची चौकशी करत. मी घाई केली की म्हणत, "मास्तर, पोचून तरी काय करायचंय?" उमेदीची वर्षं सगळी आखातात गेली होती. परतल्यावर एकच हौस उरली होती. "वाळू लय बघितली, आता बरफ बघायचा हाय."

म्हणून पेणच्या आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या हिमालय मोहिमेत त्यांनी नाव दिलं. नेते होते मोहिते साहेब. डोलवीला कंपनीत ते शिफ्ट सांभाळत आणि उरलेल्या वेळात आम्हाला. गळ्यात शिट्टी असे. ती ते जेवायला बोलावण्यासाठीही वाजवत.

वाटाड्याने एका मुक्कामावर दिवसभर थांबायला सांगितलं. अंगाला विरळ हवेची सवय होऊ द्यावी, आणि डोकं दुखून उलट्या झाल्या तर वर न जाता खाली उतरावं, असं त्याचं म्हणणं. अवचितगड पळत चढणाऱ्यांना सवय कसली करायची, असं म्हणून साहेबांनी शिट्टी वाजवली. आम्ही निघालो. शिट्टीपुढे विचार करण्याची मंडळात पद्धत नव्हती.

वरच्या मुक्कामावर साहेब तंबूमागे ओकले. दोष डाळीला दिला. सकाळी त्यांना बुटाची नाडी बांधता येईना. चालताना झोकांड्या जात होत्या. वाटाड्या म्हणाला, यांना आत्ताच खाली न्या, नाहीतर जीव जाईल. साहेब म्हणाले, "नेता माघारी फिरत नाही." त्यांना उचलून न्यायची कुणाची छाती नव्हती.

समोर बर्फाची खिंड चकाकत होती. उस्मानभाई तिच्याकडे जरा वेळ पाहत राहिले. मग धोंड्यावर बसले आणि त्यांनी डोकं धरलं.

"साहेब, माझं काय खरं नाय. डोकं फुटतंय. तुमी स्वतः खाली न्याल तर जगेन. दुसऱ्या कोणाचा भरवसा नाय."

साहेब ताठ झाले. म्हणजे जमेल तेवढे. "चला," म्हणाले. "मी आहे."

वाटाड्या आणि मीही बरोबर उतरलो. उस्मानभाईंच्या काळजीने माझा जीव अर्धा झाला होता. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की या आजारी माणसाच्या पाठीवर दोन सॅक आहेत आणि खांद्यावर साहेब.

खालच्या गावात साहेबांना आराम पडला. गोड चहा घेऊन त्यांनी उस्मानभाईंना विरळ हवेचे धोके समजावले. उस्मानभाईंनी मधूनमधून शंकाही विचारल्या.

पुढे पेणला रामवाडीत सत्कार झाला. साथीदाराचे प्राण वाचवल्याबद्दल साहेबांना शाल मिळाली. प्राण वाचलेले साथीदार पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. बाहेर आल्यावर मी चिडून म्हणालो, खरं सांगून टाका.

"कशाला? माणूस घरी आला ना? त्यांच्या बायकोसमोर खाली मान घालून उभं राहण्यापरीस टाळ्या बऱ्या."

पुढच्या वर्षी मोहीम ठरली, तेव्हा उस्मानभाईंनी पुन्हा नाव दिलं. साहेब मुद्दाम रोह्याला आले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेने म्हणाले, "राग मानू नका, पण मागचा अनुभव पाहता तुम्हाला नेणं धोक्याचं आहे."

मी तोंड उघडणार, तोच उस्मानभाईंनी माझा पाय दाबला.

"व्हय, साहेब," ते म्हणाले. "मला नाय झेपत."

मग त्यांनी साहेबांसाठी चहा मागवला.