केबल जमिनीवरच होती

नमस्कार. मी इथले अनुभव बऱ्याच दिवसांपासून वाचते, पण लिहिते आहे पहिल्यांदाच. चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या घरी भूत, अंगात येणं, नजर काढणं यातलं काहीच चालत नाही. लहानपणी मी नुसतं "भीती वाटते" म्हटलं तरी बाबा उठून लाईट लावायचे आणि म्हणायचे, "दाखव, कुठं आहे?" मीही तशीच वाढले. म्हणून हे लिहिताना जरा संकोच वाटतो आहे... पण न लिहिणं मला कृतघ्नपणाचं वाटतं.

मी काटोलची. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. नागपुरात बीसीए करते आणि मनीषनगरला एका काकूंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहते. काकू खाली एकट्याच असतात. मी राहायला आले त्याच्या आदल्या वर्षी काका गेले. ते जयंतीच्या मंडपात गायचे. गाणी स्वतः लिहायचे, चालीही स्वतःच लावायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी कोणाकडून तरी एक जुना कॉम्प्युटर घेतला, त्याला माइक जोडला आणि आपली सगळी गाणी त्यात रेकॉर्ड करून ठेवली. दुसरीकडे ती कुठेच नाहीत.

काका गेल्यावर तो कॉम्प्युटरही बिघडला. चालू केला की काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ यायची आणि गाडी तिथेच अडायची.

या उन्हाळ्यात एक दिवस काकू कूलरमध्ये पाणी टाकता टाकता म्हणाल्या, "प्रणाली, तू कॉम्प्युटरचंच शिकून राहिली ना वं? मंग मले त्यायचा आवाज काढून दे."

ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी शिकायला बाहेर पडलं असेल त्यांना हे कळेल. अशा वेळी "मला नाही येत" असं तोंडातून निघतच नाही. मी हो म्हटलं. फक्त एवढंच सुचवलं की बर्डीच्या बाजारातल्या दुकानात नेऊन दाखवू.

"ते घराच्या बाहेर जाणार नाही," काकू म्हणाल्या. "एकानं टीव्ही नेला होता दुरुस्तीले. तो टीव्ही अजून येऊनच राहिला."

मग मी वर्गातल्या रुचिकाला लॅपटॉप घेऊन बोलावलं. तिने मशीन पाहिली आणि कपाळाला हात लावला. "बापा! हे तर आपल्या जन्माच्या वेळचं दिसते!"

आतली हार्ड डिस्क इतकी जुनी होती की तिची केबल रुचिकाच्या लॅपटॉपला लागेना. म्हणजे या मशीनवरच नवी सिस्टीम टाकायची आणि मग गाणी काढायची, हाच रस्ता उरला. पण टाकणार कशी? सीडीचा ट्रे बाहेरच येत नव्हता. पेनड्राइव्हवरून सुरू होण्याची सोय त्या मशीनमध्ये नव्हती. शेवटी एक उपाय सापडला. लॅपटॉप आणि कॉम्प्युटर एका नेटवर्क केबलने जोडायचे, लॅपटॉपमधून सेटअप केबलवरून पाठवायचा आणि त्यावरून जुन्या मशीनमध्ये लिनक्स नावाची सिस्टीम टाकायची. मशीनला ते चाललं. पडद्यावर सेटअपची अक्षरं दिसली तेव्हा आम्ही दोघींनी टाळी दिली.

आता महत्त्वाची गोष्ट. त्या डिस्कचे दोन भाग होते, सी आणि डी. आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासला पहिल्याच दिवशी शिकवतात की सी ड्राइव्हमध्ये आपलं काही ठेवायचं नाही, तिथे फक्त सिस्टीम. आपलं सगळं डीमध्ये. मलाही तेच शिकवलं होतं. म्हणून मी ठरवलं, सी पुसायचा, तिथे नवी सिस्टीम टाकायची. डीला हात लावायचा नाही, गाणी तिथेच असणार.

मी पहिला भाग, म्हणजे सी, निवडला, फॉरमॅटवर एंटर मारला... आणि लॅपटॉपचा संपर्क तुटला. सेटअप परत 'कोणता भाग पुसायचा?' या प्रश्नावर येऊन थांबला. पुन्हा केलं. पुन्हा तुटला. रुचिकाने केबलचं टोक उलटं-सुलटं केलं, दुसरी केबल लावली. फॉरमॅटपर्यंत सगळं सुरळीत व्हायचं आणि नेमकं तिथेच तुटायचं.

"काय हट्टी आहे वं हा डब्बा!" रुचिका वैतागली. दुपारी तिचं प्रॅक्टिकल होतं. "उद्या पाहू," म्हणत तिने केबल लॅपटॉपमधून उपसली, लॅपटॉप बॅगेत टाकला आणि स्कूटीवर निघून गेली. केबलचं सुटं टोक जमिनीवर पडलं होतं. कूलरचं पाणी लागू नये म्हणून मी ते पायाने बाजूला सारलं, हे मला पक्कं आठवतं. पडद्यावर तोच प्रश्न होता, निवडीची पट्टी पहिल्या भागावर. मध्येच बंद केलं तर अजून काही बिघडेल या भीतीने मी मशीन तशीच चालू ठेवली.

काकूंनी जेवायला बोलावलं. वरण-भात आणि वांग्याची भाजी होती, पण मला घास जात नव्हता. काकू समोर बसून म्हणाल्या, "काहून एवढी टेन्शन घेते? नाही झालं तर नाही झालं. मी काय तुले फाशी देऊन राहिली?" घरात आम्ही दोघीच होतो. दार लावलेलं होतं.

जेवून कॉम्प्युटरच्या खोलीत आले तर पडद्यावर लिहिलं होतं — इन्स्टॉलेशन पूर्ण झालं, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

मी आधी केबल पाहिली. जमिनीवरच होती. तिच्या टोकाला काहीच नव्हतं.

एंटर मारला. नवी सिस्टीम उघडली. ती कुठे बसली हे मी पाहिलं. सिस्टीम डीमध्ये बसली होती. डी पूर्ण पुसला गेला होता.

मी तिथेच खाली बसले आणि रडायला लागले. काकू धावत आल्या. "काकू, गाणी गेली... डीमध्ये होती, डीच गेला."

"डी काय असते वं ते? ते तर गाणे समोरच ठेवत होते. चालू केलं की समोर दिसत होते."

समोर. म्हणजे डेस्कटॉपवर. आणि डेस्कटॉप असतो सीमध्ये... काका कोणत्याच क्लासला गेले नव्हते. सीमध्ये काही ठेवू नये हे त्यांना सांगणार कोण?

मी सी उघडला. सगळी गाणी तिथे होती. जो भाग मी सकाळपासून पुसायला निघाले होते, त्याच भागात.

कॉलेजमधल्या सरांना मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, सेटअप कदाचित आधीच पूर्ण मेमरीत आला असेल. असेलही. पण मग पट्टी पहिल्या भागावरून दुसऱ्यावर कोणी नेली, एंटर कोणी मारला? रुचिकाने आणि मी नंतर, गाणी पेनड्राइव्हवर काढून घेतल्यावर, तेच सगळं मुद्दाम पुन्हा करून पाहिलं. केबल काढली की सेटअप थांबतो. दरवेळी थांबतो.

काकूंना मी घाबरत घाबरत विचारलं, की काका तर... त्या जोरात हसल्या. "जो माणूस जिंदगीभर भूत मानत नव्हता, तो सोता भूत काहून होईन?"

मला एवढंच कळतं की त्या दिवशी माझ्या हातून एक माणूस दुसऱ्यांदा जाणार होता आणि गेला नाही. कोणाचे आभार मानू ते माहीत नाही, तरी मानते. रोज मानते.

त्या दिवशी आम्ही पहिलं गाणं लावलं. आधी पेटीचे सूर, मग काकांचा आवाज, आणि मागे कुकरची शिट्टी. काकू पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. गाणं संपल्यावर काका खोकले आणि म्हणाले, "ऐकलं का वं? कसं झालं?" रेकॉर्डिंग तिथेच संपतं.

काकूंनी डोळे पुसले. पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "चांगलं झालं. फक्त शेवटी ओरडले तुम्ही."