बाळंतिणीचा डबा

बायको गेली त्याला सात महिने झाले. तेराव्याला चाळीतली, गावची, मुलाच्या ऑफिसातली माणसं आली होती. जो तो एकच बोलत होता. बाई फार काटकसरी. कधी काही वाया घालवलं नाही. एक बाई तर म्हणाल्या की तिच्या संसाराकडून शिकावं. मी खाली मान घालून ऐकत होतो. लोकांना वाटलं म्हातारा दुःखात आहे. दुःखात होतोच. पण मान खाली होती ती दुसऱ्या कारणानं. ते तिथं बोललो नाही, ते इथं लिहितो. मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेलो, पुढं गिरणीत. लिहिणं जमेल तसं.

काटकसर तिची नव्हती. माझी होती. मी तिला शिकवली.

लग्न होऊन ती परळच्या खोलीत आली तेव्हा तिचा हात सढळ होता. कोकणातलं घर, दारात नारळ, परड्यात भाजी, आल्यागेल्याला वाढायची सवय. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं भाजीला तेल ओतलं ते बघून माझा जीव खालीवर झाला. मी लहानपणी आई गेल्यावर उपाशी राहिलेला माणूस. माझ्या डोक्यात एकच बसलेलं, डबा रिकामा दिसता कामा नये. तांदूळ असो, डाळ असो, तळाला राहिलंच पाहिजे, नवीन आल्याशिवाय तळाचं काढायचं नाही.

मग मी तिला एकेक शिकवायला घेतलं. कपड्याच्या साबणाचा बार आणला की दोऱ्यानं कापायचा आणि वड्या महिनाभर माळ्यावर वाळवायच्या. वाळला साबण झिजत नाही. कोळशाचा चुरा टाकायचा नाही, माती आणि शेण कालवून गोळे करायचे, गॅलरीत वाळवायचे. काडेपेटीतली काडी ब्लेडनं उभी चिरायची, एकीच्या दोन होतात. चहाची पूड दुसऱ्यांदा उकळायची. तेलाची बाटली संपली की उन्हात उलटी धरायची, चमचाभर तरी निघतं. यातलं काही मी शोधून काढलेलं नव्हतं, चाळीत बरेच जण करायचे. पण मी करायचो ते पोलिसासारखं. रविवारी दात घासून झाले की मी एकेक डबा खाली काढायचो, झाकण उघडायचो, आत बोट उभं धरायचो. किती खाली गेला ते बोटांवर मोजायचो.

ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, डॉक्टर नाडी बघतात तसे तुम्ही डबे बघता. मी हसलो नाही. नंतर तीही हसेनाशी झाली आणि शिकली. इतकी शिकली की मला सांगायला काही उरलं नाही.

तिला दिवस गेले त्या वेळी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. आमच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, अर्धे जण मोर्चाला जायचे. मीही जायचो, खोटं का बोलू, घोषणा देताना अंगात वेगळंच बळ यायचं. पण हरताळ झाला की गिरणी बंद, गिरणी बंद की पगार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तशी रीत. पण तिची आई अंथरुणाला खिळलेली, सांभाळणार कोण? म्हणून इथंच म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात झालं. मुलगी झाली. गोरी, डोक्यावर दाट जावळ. मी बघितली तेव्हा ती मूठ चोखत होती.

सासूबाई येऊ शकल्या नाहीत, पण गावच्या एका माणसाबरोबर त्यांनी बोटीनं डबा पाठवला. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू. खारीक, खोबरं, अळीव, गूळ, वर घरचं तूप. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी शेजारणीकडून करून घेतले होते. मोठा पत्र्याचा डबा, गळ्यापर्यंत भरलेला. निरोप होता की रोज सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि वर दूध.

ते दिवस वाईट होते. गोळीबार झालेला, रस्त्यावर दगड, अश्रुधुरानं डोळे चुरचुरायचे, कर्फ्यू लागायचा तो लवकर उठायचा नाही. गिरणीचा भोंगा वाजत नव्हता. मी दिवसभर खोलीत नाहीतर जिन्यावर. घरात बसलेल्या माणसाला दुसरं काय काम? मी डबे बघायचो. आता रविवारची वाट बघत नव्हतो, रोज बघायचो. तांदूळ खाली चाललेला, डाळ खाली चाललेली, रॉकेल तळाला. आणि लाडवांचा डबा उघडला की तो जवळपास भरलेला. पंधरा दिवस झाले आणि डबा फक्त चार बोटं खाली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वाटलं, सगळं हातातून सुटत चाललंय पण हिनं धरून ठेवलंय. मी गॅलरीत उभा राहून शेजाऱ्यांना सांगितलं, आमच्या हिचं बघा, पंधरा दिवसांत डबा चार बोटं खाली. कुणाची बायको करील असं? ती आत मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं.

त्यानंतर डबा खाली जायचाच बंद झाला. मी उघडायचो, बघायचो, झाकण लावायचो आणि तिच्याकडं बघून मान हलवायचो, छान म्हणून. बाळंतिणीचा डबा भरलेला राहतो म्हणजे बाळंतीण उपाशी राहते, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. मला डबा दिसत होता. समोर बसलेली बाई दिसत नव्हती.

मुलगी रडायला लागली. आधी थोडी, मग दिवसभर. छातीला लावली की दोन मिनिटं ओढायची आणि तोंड फिरवून किंचाळायची. मी म्हणायचो पोटात दुखत असेल, ओवा चावून फुंकर घाल.

समोरच्या खोलीत एक मालवणी आजी राहायची. तरुणपणी गिरणीत होती, विधवा, तोंडानं फटकळ. तिला रडणं सहन झालं नाही. एका सकाळी सरळ आत आली, मुलीला उचललं, मांडीची कातडी चिमटीत धरून बघितली. मग माझ्या बायकोकडं बघितलं. मग माझ्याकडं वळली.

"बाळंतिणीच्या पोटात काय गेला नाय, तर चेडवाक दूध खयसून येतला?"

मी म्हणालो, आजी, घरात लाडू आहेत की, डबा भरून आहेत.

"भरलेलो कसो रे? दीड म्हयनो झालो."

तिनं स्वतः डबा खाली काढला. झाकण उघडलं आणि नाकाशी नेला. मग माझ्या नाकाशी धरला. खोबरं खवट झालं होतं. रोज उघडत होतो, रोज बघत होतो, वास मात्र कधी घेतला नव्हता. आजीनं एक लाडू फोडला, आत पांढरी बुरशी. तिनं डबा तसाच गॅलरीच्या टोकाला कचऱ्यापाशी नेऊन ठेवला. माझी बायको उठून त्याच्यामागं दोन पावलं गेली. तिला तो उचलून परत आणायचा होता. वरचे वाईट असतील, खालचे चांगले निघतील, असं म्हणाली. तिचा आवाज माझाच होता. मीच असं बोलायचो.

आजीनं तिला हाताला धरून बसवलं आणि आपल्या घरची पेज पाजली. दुपारी मासळीचं सार आणून दिलं. चार दिवस ती आजी आमच्यासाठी रांधत होती, स्वतःच्या तुटपुंज्या शिध्यातून. पण दूध परत आलं नाही. एकदा आटलं ते आटलं.

मग वरचं दूध. आमच्याकडं सरकारी दुधाचं कार्ड नव्हतं. कर्फ्यू उठायचा तेवढ्या वेळात मी लालबागपर्यंत जाऊन गोठ्यावरून म्हशीचं दूध आणायचो. प्रसूतिगृहातल्या नर्सबाईंनी पाणी किती घालायचं ते सांगितलं होतं. त्यात मी थेंबभरही जास्त घातलं नाही, एवढं छातीवर हात ठेवून सांगतो. लोक काही म्हणोत, तेवढं मी केलं नाही. पण मुलीला ते पचलं नाही. जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडं नेली, त्यांनी औषध दिलं. पाचव्या दिवशी सकाळी ती रडायची थांबली. मला वाटलं झोप लागली.

एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. खड्ड्यात मीठ घालतात. बायकोनं मिठाची बरणी माझ्या हातात दिली, अख्खी. त्या घरात अख्खी वस्तू कुणी कुणाला दिलेली ती पहिलीच. आजी आणि शेजारचे दोघे बरोबर होते. नाक्यावर पोलिसानं अडवलं, फडक्यात काय आहे विचारलं. आजीनं फडकं बाजूला करून दाखवलं. पोलीस मराठीच होता. त्यानं टोपी काढली आणि बाजूला झाला. मी सगळं मीठ घातलं. बरणी झटकून झटकून घातलं.

तीन वर्षांनी मुलगा झाला. त्या वेळी ती सातव्या महिन्यातच माहेरी निघून गेली. मला विचारलं नाही, सांगितलं. सासूबाई तोवर गेल्या होत्या, पण घरात नवी भावजय आली होती, तिनं सगळं केलं. परत आली तेव्हा अंगानं भरली होती, मुलगा गुटगुटीत. त्यानंतर मी घरातला एकही डबा उघडला नाही. पण माझं शिकवणं तिच्यात राहिलं. ती साबण वाळवत राहिली. पुढं गॅस आला तरी काडी चिरत राहिली. मुलगा नोकरीला लागला, घरात भरपूर यायला लागलं, तरी ती सगळ्यांना वाढून झाल्यावर भांड्याला लागलेलं पुसून खायची. मी म्हणायचो, अगं ताजं घे. ती म्हणायची, हे कुणी खायचं मग? लोक कौतुक करायचे, आणि ती हसून माझ्याकडं बघायची, जसं काही हे दोघांचं मिळून आहे.

त्या मुलीबद्दल आम्ही कधी बोललो नाही. चाळीस वर्षं एका खोलीत राहून नाही बोललो. मग एकदा दुपारी ती खिडकीपाशी तांदूळ निवडत होती. माझं गिरणीचं काम कधीच सुटलेलं, घरात दोघंच. मला काय झालं कुणास ठाऊक, मी विचारलं.

"तेव्हा तू लाडू का खाल्ले नाहीस?"

तिनं कुठले लाडू असं विचारलं नाही. सुपातले खडे वेचत राहिली. मला वाटलं आता म्हणेल, तुमच्या भीतीनं. ते ऐकायची मी तयारी केली होती. तेच मला हवं होतं म्हणा ना.

ती म्हणाली, "गिरणी बंद होती. तुम्ही तोंड पाडून बसायचात. तो डबा बघितला की तेवढंच तुम्हाला बरं वाटायचं."

मग एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "मला वाटलं, अंगात आहे तेवढं पुरेल तिला."

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. सुपात हात घातला, पण मला खडे दिसेनात. तांदूळ आणि खडे सगळे सारखेच दिसायला लागले.

"सरका जरा," ती म्हणाली. "उजेड अडतोय."

मी सरकलो.