कोमट काचेवरचा थेंब

"चांगुणा या घरात येनार न्हाई. सांगून ठेवते."

"अगं, पन तूच म्हनाली हुतीस! पोळ्याच्या दिशी, इथंच, चुलीपुढं. सवत आनायचीच आसंल तर माझी बहीन आना, परकी नको. तुझेच शब्द हायेत न्हवं?"

"व्हय, माझेच. तवा मला ठावं न्हवतं."

"आन् आता काय ठावं झालं? त्या दवाखान्यातल्या काचेनं काय सांगितलं तुला?"

सूर्यभान उंबऱ्यात बसून टाचेला चिकटलेला उसाच्या रानातला चिखल काडीनं खरवडत होता. बायकोच्या तोंडाकडं बघून भांडायला त्याला जमत नसे, म्हणून तो सगळं त्या टाचेलाच सांगत होता. कडूबाई चुलीपुढं बसली होती. तव्यावरची भाकरी करपत चालली होती आणि ती उलटायचं दोघांनाही सुचत नव्हतं.

"तिला हेवा वाटतोय, दुसरं काय!" ओसरीवर तूर पाखडणाऱ्या सासूनं, रतनबाईनं, तिथूनच आवाज टाकला. "बहीन झाली तरी सवत ती सवतच."

"आत्याबाई, हेवा आसता तर पोळ्याला मी तिचं नाव घेतलं आसतं व्हय?"

यावर सूप तेवढं दोनदा जोरात आपटलं.

कडूबाईला चार लेकरं झाली. पहिली मुलगी, गुटगुटीत, चालायला लागली, बोलायला लागली आणि गोवरात गेली. त्यानंतरचे तिघे मात्र जन्मले आणि बघता बघता हळद माखल्यासारखे पिवळे पडले. डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळं. तिघांपैकी एकानंही पाचवी पाहिली नाही. पाचवीला सटवाई येऊन लेकराच्या कपाळी लिहून जाते म्हणतात. कडूबाईच्या घरी तिला तीनदा हात हलवत परत जावं लागलं.

पुणतांब्यातल्या बाया तिला वाईट बोलल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. त्या गोडच बोलत. "ये गं, बस गं," म्हणत आणि कडेवरचं मूल या कडेवरून त्या कडेवर घेत, तिच्यापासून लांबच्या. बारशाचं बोलावणं शेजारच्या दारात यायचं, तिचं दार ओलांडून पुढच्या दारात जायचं. सांगणारी बाई जाता जाता हसायची तेवढी.

तिसरं पिवळं बाळ घेऊन सूर्यभान तिला गाडीनं श्रीरामपूरला घेऊन गेला होता, मिशनच्या दवाखान्यात. बाळाला उशीर झाला होता. पण तिथं रक्त तपासणारे आमोसमास्तर होते. त्यांनी दोघा नवराबायकोचं रक्त घेतलं आणि पंधरवड्यानं तिला एकटीला समोर बसवून सांगितलं.

"बाई, बहुतेक माणसांच्या रक्तात एक गोष्ट असते. तुमच्या रक्तात ती नाही. तुमच्या मालकांच्या आहे. लेकरू बापावर गेलं की तुमचं रक्त त्याला परकं समजतं. पहिल्या बाळंतपणात नुसती ओळख होते, म्हणून पहिलं वाचतं. दुसऱ्यापासून तुमचं रक्त त्याच्यावर धावून जातं."

"म्हंजी मीच मारली माझी लेकरं?"

"तुम्ही नाही. रक्तानं."

"रगत काय शेजारनीचं हाय?"

आमोसमास्तर काच पुसत राहिले. आधीच पुसलेली काच होती.

"आता परदेशात एक इंजेक्शन निघालंय," ते थोड्या वेळानं म्हणाले. "चारेक वर्षंच झालीत. पहिल्या बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत आईला द्यायचं. मग तिच्या रक्ताला ती ओळखच पटत नाही. पुढची लेकरं वाचतात."

"मंग द्या की मला!"

"तुमच्या रक्ताला ओळख पटून गेली, कडूबाई. पटलेली ओळख विसरायला लावणारं औषध अजून कुणाला सापडलेलं नाही."

ती उठली तेव्हा त्यांनीच तिला थांबवलं. म्हणाले, तुमचं रक्त आमच्या कामाचं आहे. दिवस गेलेल्या बाईचं रक्त असं आहे का तसं, हे बघायला एक औषधी पाणी लागतं. ते मुंबईहून यायचं आणि निम्म्या वेळा यायचंच नाही. तुमचं रक्त बाटलीत ठेवलं की वर जे पिवळसर पाणी सुटतं, ते तेच काम करतं. तुमच्या पाण्यात दुसरीच्या रक्ताचा थेंब कालवायचा. रव्यासारखे दाणे धरले की ती बाई सुखरूप. गुळगुळीत राहिला, तर ती तुमच्यासारखी.

ज्या रक्तानं स्वतःची तीन लेकरं खाल्ली, ते दुसरीच्या लेकराची राखण करतंय, हे कडूबाईला पटायला वेळ लागला. पण ती जाऊ लागली. दर दोन-तीन महिन्यांनी पुणतांब्याहून गाडी धरायची, दंड पुढं करायचा, चहा पिऊन परत. खरं सांगायचं तर ती त्या एका वाक्यासाठी जायची. दारात ती दिसली की आमोसमास्तर म्हणत, "या बाई, तुमचीच वाट बघत होतो." एवढ्या मोठ्या मुलखात तिची वाट बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

मागच्या खेपेला बाटलीवर नाव घालताना त्यांनी सहज विचारलं, "कडू असं नाव कसं हो ठेवलं?"

"माझ्या आंदी आईची दोन गेली, थोरलं तापानं, धाकलं जल्मताच. मंग मला कडू नाव ठिवलं. म्हंजी मरन तोंडात घेतं आन् थुकून टाकतं."

"आणि तुमच्यानंतर?"

"आनखी दोन गेली. मंग चांगुणा झाली, ती जगली."

"गेलेली पिवळी झाली होती का?"

कडूबाईनं आठवून बघितलं. आजी कण्हत म्हणायची ते आठवलं: पोरं न्हवं, करडईची फुलं जल्मतात हिला.

आमोसमास्तरांनी लेखणी खाली ठेवली. "तुम्ही नावामुळं वाचला नाहीत, बाई. आईवर गेलात म्हणून वाचलात. आईचं रक्त तुमच्यावर धावून गेलं नाही, कारण तुम्ही तिच्यासारख्याच."

गाडीत बसल्यावर चितळी स्टेशन मागं पडलं आणि तिला एकदम आठवलं. चांगुणाही वाचली होती.

तेच ती आता चुलीपुढं सांगत होती. पण रतनबाईचं गणित वेगळं होतं. "अगं, चार गेली त्यातनं ती जगली! कसलं चिवट हाड आसंल पोरीचं. आशीच सून पायजे."

"आत्याबाई, जगली तीच खोड हाय!"

"आन् ते इंजिक्शान?" सूर्यभाननं पहिल्यांदा मान वर केली. "निघालंय, म्हनाली न्हवं तूच? देऊ तिला."

"आमोसमास्तर म्हनले, मुंबईतबी सांगावं तवा मिळत न्हाई. तीन दिसांत तुमी कुठनं आननार? ज्याच्या भरवशावर बसायचं ते आंदी हातात तरी पायजे."

सूर्यभाननं काडी मोडून फेकून दिली. तो वाईट माणूस नव्हता. तिन्ही पिवळ्या लेकरांचे खड्डे त्यानंच खणले होते, आणि दर वेळी कुणाला सोबत येऊ दिलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "तुझी काचच सांगू दे. चांगुणा तुझ्यासारखी निघाली तर मोडतो. न्हाई निघाली, तर माघात देवळात चार मान्सं बोलावून उरकतो. मंग तू तोंड उघडायचं न्हाई."

चांगुणा कडूबाईच्या माहेराहून आली ती हिरवा चुडा भरूनच. श्रीरामपूरच्या गाडीत तिचं तोंड थांबेना.

"आक्का, म्या आले की दोघींनी एका गोधडीत निजायचं. दाजी झोपू देत ओसरीवर!"

"गप गं, मान्सं बघत्यात."

"बघू देत. आन् दळायला दोघी. तू एकटीच दळत आसशील न्हाई? एकटीनं जातं किती जड लागतं, म्हाईत हाय मला. आक्का, पोर झालं की पयलं तुझ्या मांडीवर टाकीन. तू घे न्हाईतर रडव."

कडूबाई खिडकीबाहेर बघत राहिली. आदल्या दिवसापर्यंत तिला वाटत होतं, आपण खरं ठरावं. गाडीतल्या त्या तासाभरात तिला वाटायला लागलं, आपण खोटं ठरावं. दाणे धरले तर ही येईल. जात्याला दुसरा हात येईल, घरात बोलणं येईल, मांडीवर पोर येईल. मग लोक हेवेखोर म्हणोत, काही म्हणोत.

आमोसमास्तरांनी दिवा लावलेल्या लाकडी पेटीवर काच ठेवली. काच कोमट झाली. आधी त्यांनी स्वतःच्या बोटाचा थेंब कडूबाईच्या पाण्यात कालवून दाखवला. काच इकडून तिकडं कलवली आणि थेंब नासल्या दुधासारखा फाटला, लाल लाल दाणे धरले.

"ई! नासलं!" चांगुणा म्हणाली.

"नासलं की चांगलं," आमोसमास्तर म्हणाले. "आता तुझं."

तिच्या बोटाला टोचलं. थेंब पाण्यात पडला. काच कलली, परत कलली. कडूबाई वाकून मनातल्या मनात म्हणत होती, धर गं बाई. दाणे धर. एक तरी धर.

थेंब नुसता पसरला. साईसारखा एकसारखा, गुळगुळीत. काच कलेल तिकडं निमूट वाहत गेला.

चांगुणा टाळी वाजवून हसली. "भांडलं न्हाई! आक्का, जुळलं आपलं!"

"जुळलं," कडूबाई म्हणाली. "लई जुळलं."

आमोसमास्तरांनी दिवा मालवला.

परतीच्या गाडीत कडूबाईनं तिला सगळं सांगितलं. चांगुणा मधेच रडली, मधेच चिडली, मग बांगड्या मागंपुढं करत बसून राहिली. घरी पोचल्या तर सूर्यभान उंबऱ्यातच होता.

"काय निघालं?"

"माझंच रगत हाय तिचं. सोयरीक मोडा."

त्यानं उंबऱ्यावरचा वाळला चिखल हातानं झाडला. मग म्हणाला, "मोडली."

"आन् माझा वंस?" रतनबाई ओसरीवरून उठून आली. "सूर्यभान, घोडेगावच्या बाजाराला जाशील तवा तिकडं आपल्या सोयऱ्यातल्या छगनची पोर बघून ये. बहीन नको ना हिला? मंग परकी येऊ दे!"

"येऊ द्या," कडूबाई म्हणाली. "पन लगनाआंदी तिचंबी रगत काचंवर घाला."

"तेबी तुझ्याच पान्यात?" सूर्यभाननं विचारलं.

"माझ्याच."

सूर्यभान तिच्याकडं बघतच राहिला. टाचेकडं नाही, तिच्याकडं.

चांगुणानं पुढं होऊन तिचा हात धरला. "आक्का, आगं काय बोलतीस तू! परकी आली, तिला पोरं झाली, तर ती तुला या घरात ठिवून घील व्हय? मला तर तू धाडून दिलंस. मंग तू कुनाजवळ ऱ्हाशील?"



कडूबाईनं आपला हात हळूच सोडवून घेतला. कोपऱ्यातली घागर उचलली, कमरेवर घेतली आणि उंबऱ्यात बसलेल्या नवऱ्याच्या बाजूनं, परक्या माणसाजवळून जावं तशी पदर त्याला लागणार नाही अशा बेतानं, पाण्याला निघून गेली.